रत्नागिरीतील टॅक्रो लेव्हल आणि औषधांची सेवा : आतड्याच्या प्रत्यारोपणानंतर कोकणात राहणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात एक रक्ततपासणी केंद्र आहे आणि त्याला लागूनच औषधांचे दुकान आहे. दोन्ही एकाच कुटुंबाची आहेत. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या रक्तातील टॅक्रोलिमस या, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचे प्रमाण (यालाच टॅक्रो लेव्हल किंवा नुसते लेव्हल म्हणतात) तपासण्यासाठी नमुना घेणे, तो थंड पेटीतून मुंबईच्या प्रयोगशाळेकडे पाठवणे, अहवाल रुग्णाच्या शस्त्रक्रिया पथकाकडे पोचवणे आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे खंड पडू न देता पुरवणे अशी सेवा ते देतात. त्यांच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण मूत्रपिंडाचे, काही यकृताचे. माझ्या धाकट्या भावाचे लहान आतड्याचे प्रत्यारोपण पुण्यात झाले आणि तो राजापूर तालुक्यात आडिवऱ्याजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हापासून आम्ही ही सेवा घेत आहोत. पुढे गुणांबरोबर काही गंभीर दोषही नोंदवायचे आहेत, म्हणून केंद्राचे नाव लिहीत नाही. ते दोष मालकांना समक्ष सांगून झालेले आहेत.

सेवेचे मोल कळण्यासाठी आतड्याचे प्रत्यारोपण इतर प्रत्यारोपणांपेक्षा वेगळे का, हे आधी सांगणे भाग आहे, कारण मूत्रपिंडाच्या रुग्णाला जी सेवा उत्तम वाटेल ती आतड्याच्या रुग्णाला अपुरी पडू शकते.

भावाच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत गुठळी झाली आणि जवळजवळ सगळे लहान आतडे काढून टाकावे लागले. प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारण ६ मीटर लांब असते; त्याच्याकडे एक मीटरही उरले नाही. शिरेतून पोषण देऊन माणूस जगवता येतो, परंतु ते वर्षानुवर्षे चालवायचे तर नळीतून होणारा जंतुसंसर्ग आणि यकृताला होणारी इजा यांचा धोका सतत राहतो, आणि तालुक्याच्या गावी घरच्या घरी असे पोषण निर्जंतुकपणे देत राहणे आम्हांला शक्य नव्हते. म्हणून प्रत्यारोपणाचा निर्णय झाला.

मूत्रपिंड बसवताना एक अवयव बसवला जातो. आतडे बसवताना त्याच्यासोबत दात्याच्या प्रतिकारपेशींचा फार मोठा साठा रुग्णाच्या शरीरात येतो. आतड्याच्या भिंतीत, त्यातील लसिकापिंडांत आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातील गाठींमध्ये या पेशी ठासून भरलेल्या असतात, आणि आतल्या पोकळीत असंख्य जिवाणू असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी संघर्ष होऊ शकतो : रुग्णाचे शरीर नवे आतडे नाकारू शकते, आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर किंवा रक्तपेशींवर उलटू शकतात. हा दुसरा प्रकार इतर अवयवांच्या प्रत्यारोपणात क्वचित दिसतो, आतड्याच्या बाबतीत त्यामानाने अधिक. नाकारण्याची प्रक्रिया सुरू झाली की आतड्याचे अस्तर झडते, आतले जिवाणू रक्तात उतरतात, आणि औषधे वाढवून प्रतिकारशक्ती आणखी दाबावी तर तोच जंतुसंसर्ग बळावतो. साठच्या दशकात झालेले प्रयत्न याच कोंडीत अयशस्वी झाले. जपानमध्ये त्सुकुबा परिसरातील मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस सापडले, १९८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल यांनी ते रुग्णांना देण्यास सुरुवात केली, आणि त्यानंतर आतड्याचे प्रत्यारोपण हा खरोखरीचा उपचार ठरला. तरीही पहिल्या वर्षातील यश जितके वाढले तितके पुढचे वाढलेले नाही. पाच वर्षांनंतर बसवलेले आतडे टिकून असण्याचे प्रमाण जगभरात साधारण निम्म्याच्या आसपास आहे.

या पार्श्वभूमीवर शरीराने परका अवयव आपला म्हणून सहन करावा, औषधांच्या माऱ्याने नुसते गप्प बसू नये, यासाठी चाललेले संशोधन फार महत्त्वाचे आहे. १९५३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जन्माआधीच परक्या पेशी मिळालेला उंदीर मोठेपणी त्याच दात्याची त्वचा नाकारत नाही. मेडावर यांना १९६० मध्ये बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना दिले गेले, तेव्हा आमच्या घरी ती बातमी घरच्या माणसाची बातमी असावी तशी वाचली गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मेगन साइक्स यांच्या गटाने तर थेट आतड्याच्या रुग्णांवरच काम केले आहे. त्यांना असे आढळले की बसवलेल्या आतड्यातील दात्याच्या प्रतिकारपेशींची जागा काळानुसार रुग्णाच्या पेशी घेत जातात, मात्र अस्तर दात्याचेच राहते. आणि ज्या रुग्णांच्या रक्तात दात्याच्या पेशी बऱ्याच प्रमाणात व बराच काळ फिरताना दिसतात, त्यांच्यात आतडे नाकारले जाण्याचे प्रमाण कमी असते. पुढे २०१९ मध्ये त्याच गटाने दाखवले की बसवलेल्या आतड्यात रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूळ पेशीही असतात. आतड्याबरोबर येणारे जे ओझे आजवर फक्त धोका मानले जात होते, त्यातच सहनशीलतेचे बीज असू शकते, हा विचार मला विलक्षण आशादायक वाटतो.

बेल्जियममधील ल्युव्हेनच्या पथकाने दुसरी वाट धरली आहे : प्रत्यारोपणाच्या वेळी दात्याचे रक्त रुग्णाला देणे, स्टिरॉइडचे मोठे डोस टाळणे आणि टॅक्रोलिमसची पातळी बेताची ठेवणे, जेणेकरून नियामक पेशींना वाढायला वाव मिळेल. यामागचे कारण सामान्य माणसालाही समजण्यासारखे आहे. टॅक्रोलिमस टी-पेशींमधील कॅल्सिन्यूरिन हे विकर (एन्झाइम) अडवते, त्यामुळे इंटरल्यूकिन-२ हा संदेशवाहक तयार होत नाही आणि हल्ला करणाऱ्या पेशींची वाढ थांबते. परंतु आवर घालणाऱ्या नियामक पेशीही त्याच इंटरल्यूकिन-२ वर जगतात. म्हणजे औषध कमी पडले तर आतडे नाकारले जाते, आणि जास्त झाले तर मूत्रपिंडे खराब होतात, जंतुसंसर्ग होतो, शिवाय ज्या पेशींच्या भरवशावर पुढे औषध कमी करता येईल त्यांचीच उपासमार होते. आतड्याच्या रुग्णाचे औषध पूर्ण थांबवण्याची सर्वमान्य पद्धत आज कोठेही नाही. जे करता येते ते एवढेच की पातळी पथकाने ठरवलेल्या अरुंद पट्ट्यात, चढउतार न होता, महिनोन्‌महिने राखायची. पहिल्या काही महिन्यांत ही पातळी दर मिलिलिटर रक्तात १० ते १५ नॅनोग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि पुढे हळूहळू उतरवतात. भावाच्या बाबतीत सहनशीलतेच्या दिशेने जे काही पाऊल पडायचे, ते पुण्याच्या डॉक्टरांच्या हाती जितके आहे तितकेच रत्नागिरीतील या काउंटरवर घेतल्या जाणाऱ्या नमुन्याच्या अचूकतेवर अवलंबून आहे. या केंद्राकडे मी याच नजरेने पाहतो.

नमुना घेण्याचे काम हे केंद्र अत्यंत चांगले करते, आणि याबाबत मला कोणतीही खोट काढता येत नाही. टॅक्रोलिमसची पातळी रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी, सकाळचा डोस घेण्याच्या आधी तपासायची असते. सकाळची गोळी घेऊन नंतर रक्त दिले तर येणारा आकडा निरर्थक असतो, आणि निरर्थक असूनही तो खरा दिसतो, हे अधिक वाईट. भावाच्या गोळीची वेळ सकाळ-संध्याकाळ नऊची. पूर्णगड, पावस करत सागरी मार्गाने रत्नागिरीला पोचायला वेळ लागतो, पण केंद्र साडेसातला उघडते आणि लेव्हलच्या रुग्णांना साखरेच्या व इतर तपासण्यांच्या रांगेत उभे करत नाहीत. तेथील तंत्रज्ञ ताई सुई हातात घेण्याआधी प्रत्येक वेळी विचारतात, "दादा, रात्रीची गोळी नेमकी किती वाजता घेतलीत? आणि सकाळची घेतली नाहीत ना?" उत्तर मिळाल्यावर त्या जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीच्या चिठ्ठीवर दोन वेळा लिहितात : शेवटच्या डोसाची आणि रक्त घेतल्याची. मग नळी न झटकता सावकाश उलटसुलट करतात, कारण टॅक्रोलिमस मुख्यतः तांबड्या पेशींत असते, तपासणी संपूर्ण रक्ताची असते आणि नमुन्यात गुठळी झाली तर तो वाया जातो. रक्त घेऊन झाले की भावाला पाण्याचा पेला देऊन सकाळची गोळी आपल्यासमोर घ्यायला लावतात. मोठ्या शहरातील नावाजलेल्या एका संकलन केंद्रात आम्हांला एकदा डोसाची वेळ कोणी विचारलीही नव्हती, हे लक्षात घेता या ताईंच्या शिस्तीचे मोल मोठे आहे.

दुसरा गुण प्रश्नांचा. मागील वेळेनंतर जुलाब झाले का, पिशवीतून (आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर काढून त्याला लावलेली पिशवी) बाहेर पडणाऱ्या द्रवाचे प्रमाण वाढले का, कोणते नवे औषध सुरू झाले, हे त्या एका छापील कागदावर नोंदवून घेतात आणि अहवालाबरोबर पुण्याच्या पथकाला पाठवतात. जुलाब झाले तर औषध शोषले जाणार नाही आणि पातळी घसरेल, असे कोणालाही वाटेल. टॅक्रोलिमसच्या बाबतीत अनेकदा उलटे घडते, कारण हे औषध एरवी मोडून टाकणारी आतड्याच्या अस्तरातील यंत्रणाच जुलाबात दुबळी पडते आणि अधिक औषध रक्तात उतरते. वाढलेला आकडा जुलाबाच्या नोंदीसह पोचला तर पथक त्याचा योग्य अर्थ लावते. नुसता आकडा पोचला तर डोस उगाच कापला जाण्याची शक्यता असते. हा कागद केंद्राने मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बनवला होता. आमच्या सांगण्यावरून त्यात पिशवीच्या द्रवाची ओळ जोडली गेली, आणि तेही आढेवेढे न घेता.

वाहतुकीबाबत माझे मत मिश्र आहे. नमुना त्याच दिवशी बर्फाच्या पाकिटांसह मुंबईला निघतो आणि अहवाल साधारण तिसऱ्या दिवशी मिळतो. टॅक्रोलिमसचा नमुना थंड ठेवला तर काही दिवस टिकतो, त्यामुळे एवढा उशीर तपासणीच्या दृष्टीने चालतो. उपचाराच्या दृष्टीने मात्र तीन दिवस जुना आकडा हा कालच्या पावसाच्या नोंदीवरून आज होडी समुद्रात घालण्यासारखा आहे, विशेषतः रुग्ण आजारी असताना. पावसाळ्यात रेल्वेमार्गावर दरड आली किंवा महामार्ग तुंबला की तीनाचे पाच दिवस होतात. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा उत्तरेकडचे दळणवळण कसे ठप्प झाले होते, हे जिल्ह्यात सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वेळी नमुना आंबा घाटाने कोल्हापूरकडे वळवण्याची सोय केंद्राने ठेवली आहे, ही दूरदृष्टी कौतुकास्पद आहे, पण तिच्यातूनच एक मोठा दोष उद्भवला.

एका पावसाळ्यात नमुना नेहमीच्या प्रयोगशाळेऐवजी दुसरीकडे गेला आणि आम्हांला ते कळवले गेले नाही. आधी ७ च्या आसपास असलेला आकडा एकदम १० च्या पुढे आला. पथकाने डोस कमी करण्याचे ठरवलेच होते, इतक्यात तेथील समन्वयक ताईंच्या लक्षात आले की अहवालाखाली तपासणीची पद्धत वेगळी लिहिलेली आहे. काही प्रयोगशाळा टॅक्रोलिमस वस्तुमान-वर्णपटमापनाने (मास स्पेक्ट्रोमेट्री) मोजतात, तर काही प्रतिपिंडांवर आधारलेल्या यंत्राने; दुसऱ्या पद्धतीत औषधाचे मोडलेले अंशही थोडेफार मोजले जात असल्यामुळे आकडा अधिक येऊ शकतो. दोन पद्धतींचे आकडे एका ओळीत मांडून डोस ठरवणे धोक्याचे आहे. भावाचा डोस त्या वेळी खाली आणला असता आणि खरी पातळी घसरली असती, तर आतडे नाकारले जाण्याचे निमित्त आम्ही स्वतःच्या हाताने दिले असते. केंद्राच्या मालकांनी हे ऐकून घेतले, आणि आता प्रयोगशाळा बदलावी लागली तर आधी फोन येतो, अहवालावर लाल शाईने तशी नोंदही असते. सुधारणा झाली हे चांगलेच. परंतु अशी सेवा देणाऱ्याला ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकाने शिकवावी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधांच्या दुकानाबद्दल लिहिताना सर्वप्रथम दमट हवेचा उल्लेख करावा लागेल. टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल ओलाव्याने बिघडतात, म्हणून त्यांच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात येतात आणि त्यात ओलावा शोषणारी पुडी असते. कोकणात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मिठाची बरणीसुद्धा पाझरते, तेथे या पाकिटाचे महत्त्व काय, हे वेगळे सांगायला नको. तरीही पाकीट फोडून, पट्टी कात्रीने कापून, हव्या तेवढ्या कॅप्सूल कागदी पिशवीत घालून देण्याची आपल्याकडच्या दुकानांची सवय जात नाही. हे दुकान तसे करत नाही. पूर्ण पाकीटच देतात, पाकिटावर विक्रीची तारीख घालतात, आणि गोळ्यांच्या रंगीत डबीत आठवडाभराच्या कॅप्सूल सुट्या करून ठेवू नका, असे बजावून सांगतात.

त्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे औषधांच्या आपसातील परिणामांवर ठेवलेली नजर. भावाला खोकला झाला तेव्हा गावाकडच्या एका डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. हे औषध टॅक्रोलिमसचे विघटन अडवते आणि पातळी अनेक पटींनी चढू शकते. काउंटरवरच्या फार्मासिस्टने चिठ्ठी वाचली, संगणकावर भावाची जुनी बिले उघडली आणि औषध बाजूला ठेवून सरळ म्हणाला, "हे मी आत्ता देत नाही. पुण्याला फोन लावा, मी बोलतो." पथकाने त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन सुचवले. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलबाबतही अशीच काळजी लागते, आणि क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने उलट पातळी कोसळते. त्या मुलाने ग्राहक नाराज होईल, डॉक्टर दुखावतील, याचा विचार केला नाही. आपल्या भागात असा फार्मासिस्ट मिळणे हे भाग्यच म्हणायचे.

याच दुकानाकडून झालेली चूकही तितक्याच स्पष्टपणे नोंदवतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत चाकरमान्यांच्या गर्दीने गाड्या भरलेल्या, माल उशिरा आलेला, आणि नेहमीचा फार्मासिस्ट रजेवर होता. त्याच्या जागी बसलेल्याने दिवसातून दोनदा घ्यायच्या टॅक्रोलिमसऐवजी त्याच ताकदीचे, दिवसातून एकदाच घ्यायचे, हळूहळू विरघळणारे टॅक्रोलिमस दिले. मिलिग्रॅम सारखे असले तरी ही दोन औषधे एकमेकांच्या जागी घेता येत नाहीत, आणि अशा अदलाबदलीतून अवयव नाकारले गेल्याच्या नोंदी जगभर आहेत. माझ्या भावजयीने घरी पाकिटावरचे नाव अक्षरन्‌अक्षर वाचले म्हणून ते पोटात गेले नाही. दुकानाने त्याच रात्री गाडीने माणूस पाठवून औषध बदलून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि आता दोन्ही प्रकार वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात. कंपनी बदलण्याबाबतही त्यांचा नियम चांगला आहे : नेहमीच्या कंपनीचे औषध नसेल तर ते दुसऱ्या कंपनीचे न विचारता देत नाहीत, आणि बदल करावाच लागला तर आठवड्याभरात लेव्हल पुन्हा तपासण्याची आठवण करून देतात.

केंद्र रुग्णांना आहाराचे एक पत्रक देते. हे पत्रक त्यांनी तातडीने बदलावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यात द्राक्षफळ (ग्रेपफ्रूट) टाळा असे लिहिले आहे, जे आपल्याकडे फारसे कोणी खात नाही. त्याचाच भाऊबंद असलेले आणि आपल्या परसात लागणारे पपनस मात्र त्यात नाही. पपनसही टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकते, आणि गणपतीच्या फळावळीत ते घरोघरी येते. त्याहून काळजीची ओळ म्हणजे "अशक्तपणा वाटल्यास भरपूर शहाळ्याचे पाणी प्यावे" ही. टॅक्रोलिमसमुळे रक्तातील पोटॅशियम वाढण्याची प्रवृत्ती असते आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. शिवाय ज्याच्या पोटावर पिशवी आहे त्याच्या शरीरातून मुख्यतः सोडियम जाते, जे शहाळ्यात फार थोडे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या ओआरएसमध्ये लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असते. वैशाखाच्या घामात आणि पिशवीचा द्रव वाढलेला असताना भावाला तेच उपयोगी पडते, आणि किती घ्यायचे ते पथकाने ठरवून दिलेले आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला शहाळे अपायकारक असू शकते हे पटायला कठीण जाते, म्हणूनच ते पत्रकात ठळक अक्षरांत यायला हवे. त्यासोबत कालवे आणि तिसऱ्या हे शिंपले अर्धवट शिजवलेले खाऊ नयेत, विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे आणि भातलावणीच्या चिखलात अनवाणी उतरू नये, कारण लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका आपल्या भागात दर पावसाळ्यात असतो, एवढे चार शब्द घातले तर पत्रक खऱ्या अर्थाने कोकणातील रुग्णांचे होईल.

आतड्याच्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी; ती या केंद्राची मर्यादा नसून एकंदर वैद्यकशास्त्राची आहे. मूत्रपिंड बिघडू लागले तर क्रिएटिनिन वाढते, यकृताचे बिघडले तर एन्झाइम्स वाढतात. आतडे नाकारले जात असल्याचे खात्रीने सांगणारी अशी कोणतीही साधी रक्ततपासणी नाही. रक्तातील सिट्रुलिन या अमिनो आम्लाची पातळी आतड्याच्या अस्तराचा थोडा अंदाज देते, पण निदान होते ते दुर्बिणीने आत पाहून आणि तुकडा तपासूनच. सुरुवातीच्या आठवड्यांत ही तपासणी आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा करतात, आणि पोटावर तात्पुरते तोंड ठेवण्याचे एक मुख्य कारण तेच असते. म्हणून लेव्हल पट्ट्यात आहे, अहवालात सगळे ठीक आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. पिशवीतून येणारा द्रव एकाएकी वाढला, त्यात रक्त दिसले, ताप आला किंवा पोटावरच्या तोंडाचा लालसर गुलाबी रंग काळवंडला, तर रत्नागिरीच्या केंद्रात जाऊन लेव्हल देण्यात वेळ न दवडता पथकाला फोन करून थेट पुण्याची वाट धरावी. अंगावर पुरळ उठले तर तेही त्याच दिवशी कळवावे, कारण दात्याच्या पेशी उलटल्याचे ते पहिले लक्षण असू शकते. केंद्रातील ताईंनी असे एकदा भावाला पाहून, नमुना न घेता, "आधी डॉक्टरांशी बोला" असे सांगितले होते. त्या दिवसाचे शुल्क बुडाले तरी त्यांनी ते केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

दराबाबत थोडक्यात : तपासणीचा दर मुंबईत प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागणाऱ्या दरापेक्षा वाहतुकीमुळे थोडा अधिक आहे, आणि तो रास्त आहे. औषधांवर ते सवलत देतात, पण सवलतीसाठी कंपनी बदलू नका असेही स्वतःहून सांगतात. बसण्याची जागा अपुरी आहे, पंख्याखाली खोकणारे आणि न खोकणारे एकत्र बसतात. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांसाठी वेगळा कोपरा करावा, असे आम्ही सुचवले आहे आणि तोवर भाऊ मुखपट्टी लावून बाहेर गाडीतच थांबतो, ताई हाक मारतात तेव्हा आत जातो.

रत्नागिरी, लांजा, राजापूर आणि संगमेश्वर भागातील प्रत्यारोपणाच्या रुग्णांना मी या केंद्राची शिफारस जरूर करतो. पहिल्यांदा जाताना आपल्या पथकाने ठरवलेला लेव्हलचा पट्टा, औषधाचे कंपनीसह पूर्ण नाव, दिवसातून किती वेळा घ्यायचे ते, आणि नमुना कोणत्या पद्धतीने मोजला जावा हे एका कागदावर लिहून सोबत न्यावे आणि त्याची प्रत काउंटरवर चिकटवून घ्यावी. ते आनंदाने चिकटवतात. नमुना सोमवार ते बुधवार या दिवसांतच द्यावा, म्हणजे अहवाल रविवारच्या सुट्टीत अडकत नाही. शिमग्याला आणि गणपतीला निदान पंधरा दिवसांचे औषध आधीच घरी आणून ठेवावे, आणि त्या काळात आणलेल्या प्रत्येक पाकिटावरचे नाव दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, मोठ्याने वाचून घ्यावे.